आजोबा ७४, नातू ८ : दोघांनाही सोफ्यावरून उठवायचं कसं?

खारी_आणि_चहा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात सासरे (बाबा, ७४), मुलगा (८), नवरा आणि मी. आम्ही दोघं पावणेआठला घर सोडतो ते रात्री आठला परत. मुलगा दुपारी १ ला शाळेतून येतो आणि तिथून पुढे आजोबा, नातू आणि टीव्ही. बाबांची जागा ठरलेली आहे, सोफ्याला तिथे खळगा पडलाय. चारला चहा-खारी, नातवाला दूध-खारी. बाबांचं जेवण म्हणजे आमटी-भात, लोणचं, पापड. रात्री नुसती दूध-पोळी, "म्हाताऱ्या माणसाला जास्त लागत नाही" म्हणून.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. मुलाला चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांना उणे दीड. आठवड्याभरात बाबा बाथरूममध्ये घसरले. टॉवेलचा दांडा धरायला गेले, दांडा स्क्रूसकट हातात आला. मुक्या मारावर निभावलं. डॉक्टरांनी गुडघे बघून "चाला, काही हरकत नाही" असं सांगितलंय. बीपीची गोळी सुरू आहे.

मी फ्रिजवर छान वेळापत्रक चिकटवलं होतं. ७ ते ७:३० प्राणायाम वगैरे. तिसऱ्या दिवशी बाबांनी त्यावर दुधाचा हिशोब लिहिला होता.

नोकरी सोडणं शक्य नाही, क्लास लावला तर ने-आण कोण करणार? तुमच्या घरी काय चालतं ते सांगा.

---

सरळमार्गी

कशाला एवढा विचार? आमचे आजोबा आयुष्यभर तंबाखू खाऊन, सकाळी चार भाकऱ्या हाणून ९४ वर्षं जगले. कुठलं वेळापत्रक नाही की काही नाही. टीव्ही काढून टाका, बास.

---

कृष्णाकाठची_बाई

खारीताई, तुला अगं-तुगं केलं तर राग मानू नकोस. मी ७१ ची आहे, सांगलीत ३३ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, सवय जात नाही.

सल्ला द्यायचं बंद कर आणि बाबांना काम दे. वेळापत्रक सुनेनं लावलं की ते सुनेचं होतं. नातवाची जबाबदारी दिली की माणूस आपोआप उठतो. माझ्याच घरात हे झालंय, म्हणून सांगते.

पाच वर्षांपूर्वी पायपुसणं सरकून मी पडले आणि डावं मनगट मोडलं. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपीवाल्या मुलीनं विचारलं, "आजी, काही न धरता एका पायावर किती वेळ उभं राहता येतं?" मी म्हटलं त्यात काय, जन्मभर मुलांना लंगडी शिकवली. उभी राहिले. चार सेकंद! पाचव्या सेकंदाला तिनं माझं कोपर धरलं होतं. त्या दिवशी मला खरी भीती वाटली, मोडलेल्या मनगटाची वाटली नव्हती एवढी.

तिनं तीन गोष्टी दिल्या. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत भिंतीकडेनं चालायचं. दोन दिवस केलं आणि विसरले. मग नात आली, तेव्हा पहिलीत होती. तिचे पाढे पाठ होईनात. मी म्हटलं, तू पाढा म्हण, तो संपेपर्यंत आजी एका पायावर. दोनाच्या पाढ्याला उजवा पाय, तिनाच्या पाढ्याला डावा. मी डगमगले की पोरगी जिंकली.

आता ती चौथीत आहे आणि अट्टल लबाड झालीय. एकोणीसचा पाढा मुद्दाम रेंगाळत म्हणते, एकोणीस साती आला की पाणी प्यायला जाते आणि मी बगळ्यासारखी उभी. पण परवा हात न लावता पंचवीस सेकंद झाले. तिचं काय होतं? मी उभी असते तेव्हा ती ओट्यापासून देवघरापर्यंत लंगडी घालते. वाढत्या हाडांना असल्या उड्या लागतातच. मी मात्र उड्या मारत नाही, आणि बाबांनाही मारू देऊ नकोस. सुरुवातीला एक हात ओट्यावर, मागे खुर्ची, आणि घरात कोणीतरी मोठं असताना.

तुझ्या बाबांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, नक्की येत असणार. त्यांना म्हण, ह्याला शिकवा. बघ कसे उठतात.

आता जेवण. "म्हाताऱ्याला जास्त लागत नाही" हे अर्धंच खरं. भात-पोळी कमी लागते, प्रथिनं कमी लागत नाहीत. स्नायू झिजत जातात आणि आपण रात्री दूध-पोळीवर भागवतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला निदान पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, आता तूच हिशोब कर. अंडं चालत नसेल तर रात्री घट्ट मुगाचं वरण, मटकीची उसळ, वाटीभर दही. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. खारीच्या जागी आमच्याकडे नाचणीचं आंबील असतं, ताकातलं, जिरं-लसूण घालून. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. नातवाला गूळ घालून दुधातलं दे, ताकातलं तो थुंकेल. आमच्या बाईसाहेबांनी थुंकलं होतं.

लोणचं एकदम तोडू नकोस, भांडण होईल. बरणी टेबलावरून उचलून फडताळात ठेव, मागितलं तरच फोड वाढ. बीपी आहे म्हणतेस, तर पापड आणि लोणचं एकाच ताटात नको. दिवसभराचं मीठ सगळं धरून एक सपाट चमचा, चहाचा.

आणि तो टॉवेलचा दांडा! त्याच्या जागी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा धरायचा दांडा लाव, एक कमोडशेजारी, एक नळाजवळ. रात्री बाथरूमपर्यंत झिरोचा दिवा. पायपुसणं रबरी तळाचं, नाहीतर नकोच. बीपीच्या गोळीवाल्या माणसानं झोपेतून उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं, मग उभं राहावं. एकदम उठलं की अंधारी येते.

---

चष्मेवाला_नाशिक

मी डोळे तपासायचं काम करतो, तेवढ्यापुरतं बोलतो. मुलाला रोज दोन तास उघड्यावरचा उजेड मिळायला हवा. खेळलंच पाहिजे असं नाही, नुसतं बाहेर असलं तरी चालतं. आपल्या दिवाणखान्यात तीन-चारशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन नावाचं रसायन स्रवतं आणि डोळ्याच्या गोळ्याची लांबी वाढण्याला आळा बसतो, असं मानलं जातं. तैवानमध्ये २०१० पासून शाळांतून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम आहे.

एक खरं सांगतो : याचा जास्त फायदा चष्मा लागायच्या आधी होतो. लागलेला नंबर यानं उतरणार नाही. तरी बाहेर न्याच, आणि दर सहा महिन्यांनी नंबर तपासा. टीव्हीपेक्षा हातातला मोबाईल वाईट, तो नाकाला लावून बघतात. झोपेचंही बघा. ८ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात. आईबाबा आठला येतात म्हणून पोरं अकरापर्यंत जागतात, हे मी रोज ऐकतो.

---

कृष्णाकाठची_बाई

@सरळमार्गी, तुमच्या आजोबांबरोबर तंबाखू खाणारे जे साठीतच गेले, ते सांगायला येत नाहीत हो. आणि चार भाकऱ्या खाऊन आजोबा दिवसभर शेतात होते ना? की सोफ्यावर?

---

सरळमार्गी

शेतात. बरं, तो मुद्दा तुमचा.

---

खारी_आणि_चहा (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार, आणि बाई, तुम्ही अगं-तुगंच करा.

वृत्तांत असा. भागशाळा मैदानावर रोज दोघांनी जायचं ठरलं. पहिल्या आठवड्यात चार दिवस पाऊस. बाबा काठी घ्यायला तयार नाहीत, "काठी घेतली की लोक जागा देतात" हे कारण. छत्री मात्र घेतात. लांब दांड्याची आणून दिली, कोणी काही बोललं नाही. आता पाचला दोघं निघतात, मैदानाला फेरी मारून भाजी घेऊन सव्वासहाला परत. भाजी बाबा निवडून घेतात, पैशांचा हिशोब नातवाकडे. काल त्यानं भाजीवाल्याकडून दोन रुपये परत मागून आणले आणि आजोबा दिवसभर तेच सांगत होते.

दोन तास रोज होत नाहीत. सव्वा तास होतो. रविवारी भरून काढतो.

पाढ्यांचं जमलं, पण उलटं. बाबा एका पायावर उभे राहून स्वतःच औटकी (साडेतीनचा पाढा) म्हणतात आणि नातू सेकंद मोजतो. एक औट औट, दोन औटे सात. अकरा सेकंदांवर गाडी अडलीय. आंबील दोघांनी नाकारलं, नाचणीचं धिरडं चाललं. रात्री मुगाचं वरण आलं, त्यावर "हे आजाऱ्याचं" असा शेरा मिळाला, पण वाटी रिकामी होती. चारची खारी आठवड्यातून दोनदा आहे, ती मी सोडवू शकलेले नाही. मलाही आवडते.

बाथरूममध्ये दोन्ही दांडे बसले. प्लंबरनं टाइल एक फोडली, असो. बाबा धरतात का माहीत नाही, दार बंद असतं. एवढं मात्र खरं की रोज सकाळी त्या दांड्यावर त्यांचा पंचा वाळत घातलेला असतो. त्याला काय करू?

---

कृष्णाकाठची_बाई

पंच्यासाठी दाराला आतून खुंटी ठोक. आजच.