मदत हवी आहे: शोकात असलेल्या ताईंसोबत बायबलमधली स्तोत्रं वाचते आहे. स्तोत्र ८८ वर थांबलेलं चालेल का?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) समुपदेशनाचं काम करते. मानसशास्त्राची पदवी नाही. पाळकांच्या देखरेखीखाली थोडं प्रशिक्षण झालं आहे, आणि काम मुख्यतः जवळ बसून ऐकण्याचं. खाली ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताईंचा तरुण मुलगा आजारपणात गेला. तो आजारी असताना भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांना स्तोत्र ९१ वाचून दाखवायचा. मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील, वगैरे. मुलगा गेल्यानंतर ताईंनी बायबल उघडलेलंच नाही. उपासनेला येतात, पण गाणी सुरू झाली की उठून बाहेर जातात. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "ते वचन खोटं होतं की माझी प्रार्थना खोटी होती, एवढंच सांग मला." मी काही उत्तर दिलं नाही, नुसती बसून राहिले.

नंतर एकदा त्यांना विचारून मी स्तोत्र ८८ काढलं. काही समजावलं नाही, फक्त हळू वाचलं. दिवसरात्र तुझ्यापुढे ओरडतो, तू मला खोल गर्तेत टाकलंस, तू तोंड का लपवतोस, असं ते चालत जातं. मधेच त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ओळींवर बोट ठेवून स्वतः वाचायला लागल्या. शेवटच्या अंधाराच्या ओळीपाशी आल्यावर पान उलटून पाहिलं. "पुढे काय आहे?"

"पुढे एकोणनव्वदावं."

"म्हणजे हे इथेच संपतं?"

हो म्हटल्यावर त्यांनी पेन्सिल मागितली आणि ती ओळ अधोरेखित केली. मुलगा गेल्यापासून पवित्र शास्त्रातलं त्यांनी स्वतः वाचलेलं हे पहिलंच पान.

तेव्हापासून दर भेटीत त्या तेच स्तोत्र वाचायला सांगतात. वाचून झाल्यावर बोलतात, कधी मुलाबद्दल, कधी देवावरच्या रागाबद्दल. माझ्यासोबत हे काम करणाऱ्या एक जणी म्हणतात की आता पुरे, त्यांना २३ किंवा १०३ अशा भरवशाच्या, स्तुतीच्या स्तोत्रांकडे आणायला हवं, विश्वासणाऱ्याला इतके दिवस अंधारात बसवून ठेवणं बरं नव्हे. त्यांच्या बोलण्यातली कळकळ मला समजते. पण ताईंच्या हातून ते पान काढून घ्यायला माझं मन धजत नाही.

दुसरी गोष्ट रागाची. एका जवळच्या नातेवाईक बाईंनी अंत्यविधीच्या दिवशीच ताईंना "विश्वास कमी पडला" असं सुनावलं. ताई म्हणतात, "तिच्यावरही असाच दिवस यावा असं मला वाटतं, आणि तसं वाटलं की प्रार्थनाच करवत नाही." शाप मागणारी स्तोत्रं, म्हणजे १०९ किंवा १३७ चा शेवट, अशा वेळी वाचावीत का? की त्यांनी राग आणखी पेटेल?

आणखी एक. त्यांची झोप पार उडाली आहे, जेवण नावापुरतं आहे, आणि गेल्या भेटीत त्या म्हणाल्या, "मला त्याच्याकडे जायचं आहे." शोकात माणसं असं बोलतात हे ऐकून आहे, तरी वाक्य डोक्यातून जात नाही. याबद्दल त्यांना कसं विचारायचं?

प्रतिसाद: परिचारिका

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात आधी घ्या. मी मनोविकार विभागात काम करते.

सरळ विचारा. "तुम्ही म्हणालात की त्याच्याकडे जायचं आहे. स्वतःचा जीव घेण्याचा विचार मनात येतो का?" याच शब्दांत विचारा, आडवळणाने नको. विचारल्याने तसा विचार मनात पेरला जातो ही भीती खरी नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं, तर कसं करायचं हे ठरवलं आहे का आणि त्यासाठी काही जवळ ठेवलं आहे का, हेही विचारा. ठरवलेलं असेल तर त्यांना एकटं सोडू नका. घरच्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. त्या वेळी गुप्ततेचं वचन पाळायचं नसतं, आणि हे त्यांना तोंडावर सांगायचं.

'नाही' आलं तरी झोप आणि जेवण इतकं बिघडलं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. अपत्य गेल्याचा शोक लांबतो, त्यात काही विकृत नाही. पण शोकासोबत नैराश्याचा आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं असं कोणी म्हणालं, तर त्याला बायबलमधलं १ राजे १९ वाचायला द्या. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. परमेश्वर त्याच्याशी बोलला ते यानंतर, होरेब डोंगरावर.

स्तोत्रांबद्दल माझ्याकडून एकच सांगणं. ३२, ३८, ५१ ही पापकबुलीची स्तोत्रं सध्या बाजूला ठेवा. खिन्न माणसाला न केलेल्या गोष्टींचाही दोष स्वतःकडे असल्यासारखा वाटतो. "माझी प्रार्थना खोटी होती का" असं विचारणाऱ्या आईच्या हाती ५१ दिलं तर ती त्यातून शिक्षाच वाचेल.

प्रतिसाद: जुनापाळक

आधी परिचारिकाताईंनी सांगितलं ते करा. बाकीचं त्यानंतर.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत सगळ्यात मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचा आहे. त्यांची घडण साधारण सारखी असते. देवाला हाक, मग तक्रार, मग मागणं, मग भरवशाचा शब्द आणि शेवटी स्तुतीचं वचन. आपण मंडळीत शेवटचे दोन भाग फळ्यावर लिहितो, गाण्यांत घेतो, आणि पहिले दोन वगळतो. ताईंना नेमके ते वगळलेले भाग सापडले आहेत.

स्तोत्र जिथे वळतं ती जागा नीट पाहा. ७३ मध्ये स्तोत्रकर्ता आसाफ दुष्टांची भरभराट पाहून जळतो, हात शुद्ध ठेवले ते व्यर्थ गेलं म्हणतो. तो पवित्रस्थानात गेल्यावर, १७ व्या वचनात, त्याला वेगळं दिसू लागतं. ७७ मध्ये झोप न लागणारा माणूस देव कृपा करायला विसरला का असं विचारतो आणि मग त्याला जुनी कृत्यं आठवू लागतात. प्रत्येक ठिकाणी वळला तो गाणारा स्वतः. शेजारी बसलेल्या कोणी त्याला धरून वळवलेलं नाही.

४२ आणि ४३ तर एकत्र वाचा. "माझ्या जिवा, तू का खिन्न झालास" हे ध्रुपद तिथे तीनदा येतं. एकदा स्वतःला आशा धरायला सांगून झाल्यावर पुढच्याच ओळीत तो पुन्हा खचतो. असं चढउतार करणारं मन देवाच्या ग्रंथात जसंच्या तसं ठेवलेलं आहे. ८८ सुद्धा कोरहाच्या पुत्रांच्या, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या नावे, प्रमुख गवयासाठी म्हणून दिलेलं आहे. ते लोकांनी मिळून गायचं होतं. म्हणून ताईंनी ते एकटीने घरी वाचण्यापेक्षा तुमच्यासोबत मोठ्याने वाचणं चांगलं.

९१ बद्दल त्या पुन्हा विचारतील तेव्हाच बोला. रानातल्या मोहाच्या वेळी सैतानाने येशूपुढे हेच स्तोत्र ठेवलं होतं, मत्तय ४ मध्ये आहे. देवदूत झेलतील, उडी टाक. प्रभूने त्या वचनाचा हमीपत्रासारखा वापर करायला नकार दिला. आणि वधस्तंभावर त्याच्या तोंडी २२ आलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" आणि शेवटी ३१ मधली, आत्मा देवाच्या हाती सोपवण्याची ओळ. तेव्हा त्यालाही कोणी झेललं नव्हतं. ताईंची प्रार्थना खोटी नव्हती, हे त्यांना स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळालं पाहिजे.

प्रतिसाद: शांतपाणी

मी थोडी वेगळ्या मताची आहे. मी स्वतः नैराश्यातून गेले आहे. त्या काळात मीही अंधाराचीच स्तोत्रं धरून बसले होते, आणि पुढेपुढे ते वाचन प्रार्थना राहिलं नाही. तोच विचार मनात गोल गोल फिरत राहायचा, फक्त शब्द बायबलचे. त्यामुळे तुमच्या सहकारी ताईंची काळजी मला अगदीच चुकीची वाटत नाही.

मग फरक कसा ओळखायचा? माझ्या अनुभवावरून सांगते. वाचून झाल्यावर माणूस बोलतो का, रडतो का, देवाला उद्देशून काही म्हणतो का, याकडे लक्ष ठेवा. तुमच्या ताई वाचल्यानंतर बोलतात, मुलाची आठवण सांगतात. म्हणजे स्तोत्र त्यांना अजून मोकळं करतं आहे. ज्या दिवशी वाचून त्या गप्प होतील, तुमच्याकडे बघणंही टाळतील, त्या दिवशी पुस्तक मिटा आणि नुसत्या सोबत बसा, किंवा बाहेर चालायला न्या.

आणि पुढचं पाऊल २३ किंवा १०३ नको. ती उडी फार लांबची आहे. १३ बघा. अवघी सहा वचनं, आणि सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर". किंवा १३०, जे खोल जागेतूनच हाक मारतं आणि शेवटपर्यंत वाटच पाहतं.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. परिचारिकाताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच भेटायला गेले आणि तुम्ही लिहिलं तसंच विचारलं. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या की स्वतः काही करायचा विचार नाही, पण रात्री निजताना देवाने असंच न्यावं असं रोज वाटतं. हे त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या परवानगीने मी त्यांच्या बहिणीला बोलावलं, तिच्यासमोर त्यांनी ते पुन्हा सांगितलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बहीण सोबत जाणार आहे, आणि तोवर रात्री त्यांच्याकडेच राहणार आहे.

पाळकांनाही सांगितलं आहे. रागाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. निघताना त्यांनी विचारलं, "तिच्याबद्दल मला जे वाटतं ते देवाला सांगितलं तर पाप लागेल का?"

प्रतिसाद: परिचारिका

फार चांगलं केलंत. हाच प्रश्न पुढच्या भेटींतही विचारत राहा, एकदा विचारून संपत नाही. आणि "न्यावं असं वाटतं" हे डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत कळू द्या.

प्रतिसाद: जुनापाळक

पाप लागणार नाही असं त्यांना सांगा. १०९ मधला माणूस मागतो ते भयंकर आहे. १३७ चा शेवट तर वाचवत नाही. ते यरुशलेमेचा नाश पाहून बाबेलात नेलेल्या लोकांचं रडणं आहे. पण दोन्हीकडे तो राग देवापुढे बोलला गेला आहे. सूड घेणं माझ्याकडे आहे असं परमेश्वर म्हणतो, आणि हे लोक तो त्याच्याकडेच नेऊन ठेवतात. मनात दाबलेला राग कुठेतरी बाहेर पडतोच. तो तिथे पडलेला बरा.

तरी १०९ ने सुरुवात करू नका. ५५ घ्या. शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जात होतो, असं तो म्हणतो. मंडळीतल्याच माणसाकडून झालेली जखम आहे ती, आणि ताईंचीही तशीच आहे. त्या स्तोत्रातही पुढे कडक मागणी आहे, ती गाळू नका. क्षमेचा विषय त्या स्वतः काढेपर्यंत तुम्ही काढू नका. आणि त्या नातेवाईक बाईंच्या शब्दांबद्दल बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं ४२:७ दाखवा. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. नंतर त्यांनी त्याच्या दुःखाला त्याचाच दोष कारण म्हणून सांगितला, तेव्हा परमेश्वराचा कोप भडकला तो त्यांच्यावर.

जमलं तर त्यांना स्वतःचं स्तोत्र लिहू द्या. वर सांगितलेल्या घडणीतले पहिले तीनच भाग, हाक, तक्रार, मागणं. भरवशाची जागा कोरी ठेवायला सांगा. मुलाचं नाव त्यात यायला हवं. लिहिलेला कागद तुम्हाला दाखवलाच पाहिजे असं नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

हे करून बघते. सहकारी ताईंशीही बोलले. ८८ आणखी काही भेटी चालू ठेवायचं, आणि शांतपाणीताईंनी सांगितलेली खूण दोघींनी पाहायची, असं ठरलं आहे. पाळक म्हणाले की उपासनेतच अधूनमधून एक विलापाचं स्तोत्र सगळ्यांनी मिळून वाचू या, म्हणजे ताईंसारख्या माणसांना बाहेर जाऊन उभं राहावं लागणार नाही. पहिल्या वेळी कोणतं घ्यावं? ८८ सगळ्या मंडळीला एकदम जड जाईल असं त्यांना वाटतं.

प्रतिसाद: शांतपाणी

१३ घ्या. आणि ज्या रविवारी वाचणार आहात ते ताईंना आधी सांगून ठेवा, त्यांना अचानक ऐकू यायला नको. पाचव्या-सहाव्या वचनापाशी त्या गप्प राहिल्या तर राहू द्या, बाकीची मंडळी त्यांच्या वतीने वाचेल.