क्लच ऑइल: नुसती डबी बदलून भागत नाही

भावा, वर तू लिहिलंयस की सिरिंजनं ब्रेक-क्लचच्या डबीतलं जुनं ऑइल ओढलं, नवं डॉट ४ (ब्रेक-क्लच ऑइलचा एक दर्जा) भरलं, काम झालं. अर्धंच झालं बघ. मुरलेलं ऑइल पाइपात, चाकाजवळच्या ब्रेक कॅलिपरमध्ये आणि क्लचच्या खालच्या सिलिंडरमध्ये तसंच बसलेलं असतं.

हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडं पावसाळा कसा असतो ते सांगायला नको. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश. पाणी मुरलं की मानकाप्रमाणं १५५ पर्यंत खाली. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की आत वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं दबतं. माझं एकदा झालंय, घाम फुटला होता. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी लावतो.

बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. मिस्त्री चारी चाकं ब्लीड करतात, म्हणजे तिथला निपल (ऑइल सोडायचा स्क्रू) ढिला करून जुनं ऑइल काढतात, आणि गिअरबॉक्सजवळचा क्लचचा निपल विसरतात. समोर उभं राहून करून घे. स्वच्छ ऑइल येईपर्यंत सोडायचं, पण डबी रिकामी होऊ द्यायची नाही. हवा शिरली तर पहिल्यापासून सुरुवात.

डॉट ५ मात्र चुकूनही ओतू नकोस, ते सिलिकॉनचं. आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी मार. माझ्या बॉनेटवर अजून डाग आहे.