उत्तर: दिवाळी अंकाची पीडीएफ छापखान्याकडून परत

प्रेषक: मंजिरी (अंक समिती)

नमस्कार मंडळी,

अंकाची पीडीएफ छापखान्याने परत पाठवली आहे. ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) नाही आणि फोटो आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. खरी भानगड त्यांना दिसणारच नाही, कारण मराठी वाचणारं तिथे कोणी नाही. संपादकीय झकास आलंय. पान १४ पासून मात्र 'दिवाळी'ची वेलांटी द सोडून व ला चिकटलीय आणि 'स्नेहसंमेलना'त स चा पाय मोडून न वेगळा पडलाय. वर्डमध्ये हाच मजकूर नीट दिसतो. सगळं आउटलाइन करून टाक (म्हणजे अक्षरांची चित्रं), कटकट मिटेल, असं एकाने सुचवलंय. करू का? वसंतकाका, तुम्ही पुण्यात डीटीपी केलंय, जरा बघता का? इनडिझाइनची (पानमांडणीची) फाइल ड्राइव्हवर आहे.

मंजिरी

प्रेषक: वसंतकाका

मंजिरी,

आउटलाइन अजिबात करू नकोस. मोडलेलं अक्षर आउटलाइन केलं तरी मोडलेलंच राहणार. वर उद्या एखाद्या देणगीदाराचं नाव चुकलंय असं कळलं, तर दुरुस्त करायला मजकूरच उरणार नाही.

फाइल पाहिली. एक्सपोर्टचा यात काही दोष नाही, स्क्रीनवरही अक्षरं तशीच आहेत. संपादकीयाला गेल्या वर्षीच्या फाइलमधली स्टाइल आहे. पुढचे लेख थेट पेस्ट झालेत, त्यांना 'बेसिक पॅराग्राफ' लागलीय आणि तिच्यात साधा कंपोझर (अक्षरं-ओळी मांडणारी यंत्रणा) आहे. तो अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते, हे त्याच्या गावीही नाही. पॅराग्राफ स्टाइल उघड, जस्टिफिकेशनमध्ये जा आणि कंपोझर म्हणून 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवड. एकेक परिच्छेद पकडून बदलत बसू नकोस, बदल स्टाइलमध्येच कर. तिथेच ॲडव्हान्स्ड कॅरॅक्टर फॉरमॅट्समध्ये भाषा मराठी ठेव. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

ट्रेकच्या लेखात 'सह्याद्रीच्या दऱ्या'चा 'दर्या' झालाय, अख्खा समुद्र डोंगरावर चढलाय. हे कंपोझरचं काम नव्हे. काही कीबोर्ड हा र टाइप करताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. मजकूर कोणी 'साफ' केला की ते उडतं आणि र चा रफार होतो. नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडलास तर न दिसणारं काही राहतच नाही. 'र्य' आणि 'र्ह' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी बघ: तऱ्हा, कुऱ्हाड, गऱ्हाणं. सरसकट बदल मात्र करू नकोस, नाहीतर 'सूर्या'ची वाट लागेल.

आता काळा रंग. वर्डमधून आलेला काळा बहुतेक आरजीबी असतो. सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करताना तो चारही शायांचा होतो आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक टायपाची शिरोरेषा पुसट, दुहेरी दिसते. मजकूर निव्वळ १०० टक्के के (काळी शाई) हवा. ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये ब्लॅकची खूण काढ. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक, मागे करडी भुतं उरली तर तो चार शायांचा आहे.

ब्लीड तू फाइलमध्ये दिलंयस, ०.१२५ इंच. फक्त एक्सपोर्ट करताना 'मार्क्स अँड ब्लीड्स'मध्ये 'यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज'ची खूण करायची राहिलीय. छापखाना चालवून घेत असेल तर प्रीसेट पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) घे आणि कलर प्रोफाइल त्यांच्याकडूनच माग. फोटो एकेक करून बदलायची गरज नाही, एक्सपोर्ट करतानाच आउटपुटमध्ये रूपांतर निवडता येतं. मुखपृष्ठावरचा झेंडूचा केशरी थोडा मळेल. त्याला इलाज नाही, चित्रकार ताईंना आधीच सांगून ठेव.

मुखपृष्ठावरून आठवलं. त्यांनी चित्र भारतातल्या सवयीने ए४ दिलंय, २१० × २९७ मिमी. आपला अंक लेटर (अमेरिकेतलं कागदाचं माप), २१६ × २७९. ब्लीडसकट रुंदी भरायची तर चित्र १०६ टक्के करावं लागेल आणि उंचीतून जवळजवळ तीन सेंटीमीटर जाईल. खालची पणती वाचवायची की वरचं तोरण, ते ताईंनाच ठरवू दे.

वसंतकाका

प्रेषक: शिरीष (खजिनदार)

काका, वेबसाइटवर हीच पीडीएफ चालेल ना? ९० एमबीची आहे. आणि लेखकांना आपलं नाव शोधता यायला हवं, दरवर्षी तक्रार येते.

प्रेषक: वसंतकाका

नाही चालणार. वेगळी काढा: आरजीबी, १५० पीपीआय (इंचाला पिक्सेल), ब्लीड आणि खुणा नकोत. शोधाचं म्हणाल तर पीडीएफमध्ये मजकूर अक्षराकृतींच्या रूपात बसतो, म्हणून दिसायला सुबक असलेलं देवनागरीही कॉपी केलं की बऱ्याचदा फुटतं. अनुक्रमणिका आणि लेखकांची नावं वेबपानावर साध्या युनिकोडमध्ये टाका, तक्रार बंद होईल.

प्रेषक: मंजिरी

काका, वेलांट्या जागच्या जागी आल्या! पण जोडाक्षरं जुळल्यामुळे ओळींची लांबी बदलली आणि मजकूर सरकलाय. पान ३१ वरच्या कवितेचं शेवटचं कडवं चौकटीबाहेर गेलंय, लाल अधिकचिन्ह दिसतंय. बाकी पानांवरही असं कुठे झालं असेल. मुद्रितशोधनासाठी चार जण हवेत. नवीन पीडीएफ आज रात्री ड्राइव्हवर टाकते, कोण कोणती पानं घेतंय ते इथेच कळवा. ट्रेकचा लेख ज्यांनी लिहिलाय त्यांनी कृपया तो स्वतः तपासू नये, स्वतःचं चुकलेलं आपल्याला दिसत नाही.

आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेल्यांनी ते पुन्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. १६०० पिक्सेलचा फोटो ३०० पीपीआयला साडेपाच इंचही भरत नाही, आणि तुम्हाला सगळ्यांना पूर्ण पान हवंय.

मंजिरी