कॅटाकोमसाठी मराठी शब्द?

अनुवादिका: रोमवरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. 'कॅटाकोम'ला 'तळघर' चालेल की 'भुयारी कबरस्तान'? क्रिप्ट म्हणजेही तेच का?

चिरेबंदी: तळघर नको. तळघर म्हटलं की वर इमारत आलीच. विजापूरच्या गोल घुमटात चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या खाली तळघरात आहेत. चर्चखालचं क्रिप्ट याच जातीचं. कॅटाकोमच्या डोक्यावर शेत, मळा, काहीही असेल. रोमच्या हद्दीत मृतांना पुरायला कायद्याने बंदी होती, म्हणून ती वेशीबाहेर, अप्पियन मार्गासारख्या हमरस्त्यांलगत आहेत. 'कॅटाकोम' हे मुळात त्याच रस्त्यावरच्या, सेंट सेबॅस्टियन या संताच्या दफनस्थळाच्या जागेचं नाव, पुढे सगळ्यांनाच चिकटलं.

'कबरस्तान' वाचलं की आपल्याकडे मुसलमानांचं वाटतं. ही बहुतेक ख्रिस्ती, काही ज्यू. पहिल्यांदा 'भुयारी दफनभूमी' असा खुलासा करा, पुढे कॅटाकोमच ठेवा.

खोदकाम: लेखात 'लोक्युलस' येईल, त्याला सरळ 'कोनाडा' म्हणा. साधारण मीटरभर रुंदीचा बोगदा, दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे. कफनात गुंडाळलेलं प्रेत आत सरकवायचं, तोंडाशी कौलं किंवा संगमरवरी फरशी लावून सांधे चुन्याने लिंपायचे. दगड टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा: कुदळीने सहज कापला जातो, हवा लागली की घट्ट होतो.

जागा संपली की बरेचदा बोगद्याचीच जमीन आणखी खाली खणत. अशा ठिकाणी जुने कोनाडे वर, नवे खाली! उत्खननाच्या सवयीने 'वरचा थर नंतरचा' लिहिलंत तर कालक्रम उलटा होईल.

अनुवादिका: उत्तम. पॅरिसचाही उल्लेख आहे, आणि 'छळाच्या काळात ख्रिस्ती इथे लपून राहत' असं वाक्य.

चिरेबंदी: पॅरिसला 'अस्थिगृह' म्हणा. ती चुनखडीच्या जुन्या खाणींची भुयारं. शहरातल्या दफनभूम्या उपसून १७८६ पासून हाडं तिथे आणून रचली. नाव रोमवरून घेतलेलं.

लपण्याचं वाक्य मूळ लेखकाचं आहे, ते तसंच उतरवा, पण खाली टीप द्या. या जागा सरकारला ठाऊक होत्या, आणि कुजणाऱ्या प्रेतांशेजारी त्या हवेत मुक्काम कोण करणार? तिथे दफनं होत आणि मृतांच्या स्मरणार्थ भोजनं, प्रार्थना.