बाबाच्या घोरण्याने बाळ दचकून उठतं, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, वन बीएचके. मुलगी दोन महिन्यांची होत आलीय. सव्वा महिना सिन्नरला माहेरी होते, तिथे रात्री एका झोपेत दोन-अडीच तास सहज काढायची. इकडे आल्यापासून तासाभरात जाग. नवरा पहिल्यापासून मोठ्याने घोरतो. मला सवय झालीय, तिला नाही.

सहा आठवड्यांच्या सुमारास बाळं तशीही जास्त किरकिर करतात असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे सगळा दोष घोरण्याला देत नाहीये. पण काही रात्री मुद्दाम जागी राहून बघितलं. एकसुरी घोरणं चालू असतं तेव्हा ती हलतसुद्धा नाही. मधेच त्याचा आवाज पूर्ण बंद पडतो, काही सेकंद काहीच नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज करून तो श्वास घेतो. नेमकी तेव्हाच ती दोन्ही हात फेकून दचकते आणि रडायला लागते.

सासूबाई म्हणतात, "त्याला हॉलमध्ये झोपू दे, तुम्ही दोघी आत झोपा." मला ते नकोय. रात्री लंगोट बदलणं, ढेकर काढणं तोच करतो. माझं सिझर झालंय, सारखं उठबस केली की टाके ओढतात. शिवाय लेक बाबाच्या खांद्यावर जितकी पटकन शांत होते तितकी माझ्याकडेही होत नाही.

दुसरी काळजी त्याचीच. सातपूरला कंपनीत शिफ्ट असते. घरी आला की बसल्या बसल्या डुलक्या घेतो. बाळाचं जागरण म्हणून, असं तो म्हणतो, पण बाळ व्हायच्या आधीही हेच होतं. बाइकवर जातो, त्यामुळे जीव थाऱ्यावर नसतो. कुणाच्या घरी असं होतं का? पंख्याच्या आवाजाचं ॲप लावावं का?

प्रतिसाद १
ताई, आधी नवऱ्याचं बघा. श्वास थांबणं, मग धाप लागल्यासारखा आवाज, दिवसा झोप येणं, ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं असू शकतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रात्रीचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो ते मोजणारी तपासणी, सांगतील, ती हल्ली घरीही करता येते. माझ्या मिस्टरांना सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लागलं, त्याचा आवाज घोरण्याच्या मानाने काहीच नाही. तोवर कुशीवर झोपायला सांगा, नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब, आणि दारू घेत असतील तर बंद.

बाळाचं म्हणाल तर इतक्या लहान बाळाची जवळपास निम्मी झोप हलकी असते. त्यात हातपाय हलवणं, कण्हणं, बारीक रडणं चालतंच. लगेच उचलू नका, छातीवर हात ठेवून थोडं थांबा. दचकणं चार ते सहा महिन्यांपर्यंत आपोआप कमी होतं. ॲप लावलंत तर फोन बाळापासून दोन मीटर तरी लांब आणि आवाज ५० डेसिबलच्या आत. उशाशी अजिबात नको.

प्रतिसाद २
वरच्या ताईंशी सहमत. एक भर घालते. बाळाला खोलीतच ठेवा, पण वेगळ्या सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर, तुमच्या बाजूला. उशी-गोधडी नको. इतकी झोप अनावर होणाऱ्या माणसाने रात्री बाळाला घेऊन सोफ्यावर बसायचंच नाही. हे फार धोक्याचं आहे, त्यांना स्पष्ट सांगा.

धागाकर्ती
मनापासून आभार दोघींचे. सोफ्याचं वाचून पोटात गोळा आला, ढेकर काढताना तो तिथेच बसतो. आजपासून बंद. व्हिडिओ आज रात्रीच काढते. एकच विचारते, पुढच्या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे. स्लीप स्टडी दिवसाच्या झोपेत करतात का, की शिफ्ट बदलून घ्यायला सांगू?