पोरीला जुना कीबोर्ड घ्यायचाय, ६१ कीचा बघू की छोटाच पुरे?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. आमची पोरगी चौथीत हाय, शेजारच्या काकूंच्या पेटीवर सारखी जाऊन बसायची म्हणून दोन महिन्यामागं कीबोर्डच्या क्लासला घातलं, आता घरी वाजवायला काही नाही तर जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत बसती. नवा घ्यायचा तर परवडत नाही आणि सहा महिन्यात कंटाळली तर काय, म्हणून जुना बघायलोय. दोन सापडलेत. एक कॅसिओ एसए-७६, ४४ बारक्या कीचा, दीड हजार, इथंच वडगावात. दुसरा यामाहा पीएसआर-आय४५५, ६१ कीचा, खानापूरकडं हाय, साडेपाच हजार सांगतोय, भजनी मंडळात वाजायचा म्हणे, अडॅप्टर हरवलाय. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, बघायला गेल्यावर काय बघायचं ते सांगा की.

टिळकवाडी_सूर:
दादा, ४४ वाला लहान पोरांच्या खेळण्याला बरा, क्लासला नको. त्याच्या की बारीक असतात, बोटांना तेच अंतर बसतं आणि क्लासमधल्या मोठ्या कीवर गेलं की सगळं चुकतं. ६१ म्हणजे पाच सप्तकं, तिला चिक्कार झाली. आय४५५ मध्ये टच आहे, म्हणजे हळू दाबलं की हळू आणि जोरात दाबलं की जोरात, सुरुवातीपासून ही सवय लागलेली बरी. वर तबला-तानपुरा पण आहे. तीनशे टोन (म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज), पाचशे टोन असल्या आकड्यांना भुलू नका, पोरं पियानो आणि बासरी सोडून काही लावत नाहीत.

आणि एक, विकणारा डेमो गाणं लावून दाखवेल, वा वा म्हणून परत येऊ नका. डेमो आतल्या आत वाजतो, त्यात की चालतात का नाही काहीच कळत नाही, फक्त स्पीकर कळतो.

निपाणीचा पेटीवाला:
पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे मास्तरांच्या बेळगावात राहून पोरीला प्लास्टिक कशाला घेऊन देता राव, तेवढ्यात जरा घालून जुनी पेटी घ्या, कान तयार होतो.

टिळकवाडी_सूर:
काका, पेटीबद्दल वाद नाही, पण पेटीला डावा हात भात्यावर जातो. हिच्या क्लासमध्ये डाव्या हातानं कॉर्ड (तीन-चार सूर एकदम) धरायला शिकवणार, तो अभ्यास घरी पेटीवर कसा करायचा?

निपाणीचा पेटीवाला:
ते बरोबर हाय. मग घ्या कीबोर्ड. पण भजनातला हाय तर ट्रान्सपोज बघा, म्हणजे सगळ्या कीचा सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणं काळी एक नाहीतर काळी दोनला लावून ठेवलेला असतोय. क्लासमधल्याशी सूर जुळला नाही तर मशीन बिघडली म्हणून घाबरू नका, ट्रान्सपोज शून्यावर आणा.

जांबोटी_पाऊस:
खानापूरकडचा म्हणताय तर पहिलं विचारा पावसाळ्यात कुठं ठेवला होता. आमच्याकडं चार महिने भिंती घामेजतात. माझ्याकडचा एक जुना (कंपनी सांगत नाही, चूक माझीच, कपाटावर उघडा टाकला होता) त्याच्या सहा-सात की अशा झाल्या की कितीबी हळू दाबा, फाडकन वाजायच्या. उघडून बघितला तर टचवाल्याला प्रत्येक कीखाली रबरात दोन कॉन्टॅक्ट असतात, पहिला लागून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून तो जोर ओळखतोय, त्यात धूळ-ओल गेली की हिशोबच चुकतोय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं पुसलं, बऱ्याच सुधारल्या, दोन नाही.

म्हणून पियानो टोन लावा, टच चालू करा, डावीकडनं सुरू करून काळ्या-पांढऱ्या सगळ्या ६१ की एकेक करून आधी हळू मग जोरात दाबा. लाज वाटून घेऊ नका, दहा मिनिटं लागतात. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का बघा. हेडफोन घालून काढा, काढल्यावर स्पीकर परत वाजला पाहिजे. सेलचा डबा उघडून बघा. अडॅप्टर मिळतोय, पण घरातला कुठला पण खुपसू नका, सॉकेटजवळ किती व्होल्ट आणि प्लस-मायनस कसं ते छापलेलं असतंय. यामाहाच्या ह्या साइजला बहुतेक १२ चा असतोय, कॅसिओच्या जुन्यांना ९ चा, ९ वाल्याला १२ लावला की धूर.

शहापूरकर:
रविवारी जाऊन आलो. सगळ्या की दाबल्या, तो माणूस कन्नडमधनं बायकोला सांगायलाय की हे काय कीबोर्ड घ्यायला आलेत का मोजायला, त्याला वाटलं मला कन्नड येत नाही. की सगळ्या ठीक. सेलच्या डब्यात मात्र जुने सेल फुटून हिरवं साचलेलं, स्प्रिंग गंजलेली, ते दाखवल्यावर साडेचार हजाराला दिला. सेलवर चालत नाही, सोबत नेलेल्या अडॅप्टरवर व्यवस्थित चालतोय. ट्रान्सपोज खरंच एकवर होता काका. आता पोरगी रात्री साडेनऊला तबला लावून बसती, हेडफोन कुठला घ्यावा?