मदत हवी आहे: इथरनेट ड्रायव्हरचं रिसेप्शन मध्येच गपगार

ठिणगी:
बोर्डासाठी इथरनेटचा ड्रायव्हर लिहिलाय. नीट चालतो आणि मग अचानक पॅकेट येणं बंद. पाठवणं मात्र चालू. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये, काही नाही. इंटरफेस डाऊन-अप केला की परत सुरू. आठवडाभर डोकं फोडतोय, परवा डेमो आहे. कुणाला आलाय का हा प्रॉब्लेम? जरा लवकर सांगा.

वायरमन:
आधी केबल बदला.

ठिणगी:
डाऊन-अप केलं की चालतं म्हटलं ना. केबल कशी असेल?

वायरमन:
डाऊन-अपने लिंक नव्याने जुळते. सैल कनेक्टरही तेवढ्यापुरता बरा वागतो. मी आपलं सांगितलं, पुढे तुमची मर्जी.

जुनं_खोड:
अहो, "अचानक" म्हणजे किती वेळाने? नॅपी (चिपच्या इंटरप्टने, म्हणजे हाकेने, जाग आली की तो बंद ठेवून पोल करत, म्हणजे स्वतः बघत, पॅकेटं गठ्ठ्याने उचलणं) वापरताय का? बंद पडल्यावर प्रोक-इंटरप्ट्समधला (इंटरप्ट मोजणाऱ्या फाइलमधला) आकडा वाढतो की थांबतो? पाठवण्याचा इंटरप्ट वेगळा आहे का? रिंग (पॅकेटांच्या बफरांची गोल यादी) किती डिस्क्रिप्टरची, म्हणजे नोंदींची? यातलं काहीच न सांगता आम्ही काय अंधारात दगड मारायचे?

ठिणगी:
नॅपी आहे, बजेट (एका पोलमध्ये जास्तीत जास्त पॅकेटं) ६४. रिंग २५६. येणाऱ्या पॅकेटांच्या इंटरप्टचा आकडा थांबतो. पाठवण्याचा वेगळा आहे, तो वाढत राहतो. वेळेचं काही खरं नाही, कधी दहा मिनिटं, कधी तीन तास.

बिनधास्त_बिट:
हरवलेला इंटरप्ट. डोळे झाकून सांगतो. पोलला रिंग रिकामी दिसते, तुम्ही नॅपी_कम्प्लीट_डन बोलावता (पोल संपल्याचं कळवता), आणि इंटरप्ट उघडायच्या आत एक पॅकेट येऊन बसतं. इंटरप्ट एज-ट्रिगर्ड (लाइन बदलते त्या क्षणीच लागणारा) असेल तर खेळ खलास. स्टेटस बिट लागलेलाच राहतो, लाइन खाली येत नाही, मग पुढच्या पॅकेटलाही नवी एज मिळत नाही. इंटरप्ट उघडल्यावर रिंग पुन्हा एकदा तपासा, काही सापडलं तर नॅपी_शेड्यूल, म्हणजे पुन्हा पोल. माझे दोन महिने यात गेलेत.

ठिणगी:
केलं. दीड तासाने पुन्हा बंद.

बिनधास्त_बिट:
मग नीट केलं नसेल. कोड टाका.

ठिणगी:
कामाच्या मशीनवरून इथे येता येत नाही, मोबाइलवर आहे. काहीतरी ठोस सांगा ना कुणी.

निवांत:
ट्रान्समिट टाइमआउटचा वॉचडॉग आहे ना कर्नलमध्ये? त्यात चिप रीसेट करा आणि झोपा.

जुनं_खोड:
तो वॉचडॉग फक्त पाठवण्याच्या रांगेवर नजर ठेवतो. यांचं पाठवणं सुरळीत चाललंय, तो कशाला भुंकेल? येणारी बाजू मेली तर कर्नलला पत्ताही लागत नाही, नेटवर्क शांत आहे असंच वाटतं त्याला.

चाकोरीबाहेर:
थोडं अवांतर. वेग किती मिळतोय? एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० करून बघा, सीपीयूवरचा भार बराच हलका होतो.

ठिणगी:
९०००च आहे, पहिल्यापासून.

जुनं_खोड:
आणि हे आत्ता सांगताय! एमटीयू ९००० म्हणजे एकेका बफरला शेजारी-शेजारी लागून मेमरीची चार पानं हवीत, ४ केबीची. इंटरप्टच्या संदर्भात मागणी करताना कर्नलला थांबून जागा मोकळी करता येत नाही. मिळालं तर मिळालं, नाहीतर नकार. मशीन थोडा वेळ चाललं की मेमरीचे तुकडे पडतात, म्हणून तुमचा वेळ असा दहा मिनिटं ते तीन तास हेलकावे खातो.

ठिणगी:
११० एमबी रिकामी आहे, बघितलंय मी. आणि लॉगमध्ये काही नाही.

जुनं_खोड:
रिकामी असेल हो, पण सलग आहे का? बडीइन्फो (सलग मोकळ्या पानांचा हिशेब) बघा. आणि लॉग कसा बघितलात?

ठिणगी:
ड्रायव्हरच्या नावाने ग्रेप (शोध) मारून.
...
पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर २, म्हणजे चार सलग पानं मिळाली नाहीत. बऱ्याच ओळी आहेत. त्यात ड्रायव्हरचं नाव नव्हतं म्हणून गाळल्या गेल्या.

निवांत:
मिन_फ्री_केबाइट्स (कर्नलने राखून ठेवायची मोकळी मेमरी) वाढवा. विषय संपला.

बिनधास्त_बिट:
त्याने दुखणं पुढे ढकललं जातं, बरं होत नाही. आणि ॲलोकेशन फसलं तर एक पॅकेट पडेल, अख्खं रिसेप्शन का मरेल? मी अजून इंटरप्टवरच आहे.

जुनं_खोड:
वाद कशाला, रिंगलाच विचारू. बंद पडलं की डाऊन-अप करू नका, सगळा पुरावा त्यात पुसला जातो. आहे त्या अवस्थेत डिस्क्रिप्टर छापा; तो सध्या चिपच्या ताब्यात की सीपीयूच्या, हे सांगणारा मालकीचा बिट प्रत्येकात असतो. ड्रायव्हरची पुढची जागा सीपीयूच्या मालकीची आणि बफर भरलेला, तर बिटराव बरोबर. मालकी सीपीयूची पण बफरच नाही, तर मी. त्या जागेची मालकी चिपची आणि भरलेले डिस्क्रिप्टर भलतीकडेच, तर इंडेक्स घसरलाय, दोघंही चूक.

ठिणगी:
छापलं. ० ते २५५, सगळे सीपीयूचे. बफरचा पत्ता सगळीकडे शून्य. चिपच्या स्टेटसमध्ये "बफर नाही" चा बिट लागलाय.

पोलमध्ये असं आहे: पॅकेट घ्या, वर पाठवा, नवीन बफर मागा, नाही मिळाला तर ती जागा तशीच सोडून पुढे. मोकळ्या जागा पुढच्या पोलमध्ये भरतो.

जुनं_खोड:
पुढचा पोल कोण बोलावणार? रिसीव्ह इंटरप्ट. तो कधी येणार? पॅकेट आल्यावर. पॅकेट कुठे उतरणार? रिंगमध्ये एकही बफर नाही!

क्रम उलटा करा. आधी नवीन बफर मागा. मिळाला तरच जुना वर पाठवा. नाही मिळाला तर ते पॅकेट टाकून द्या, मोजणीत धरा आणि तोच जुना बफर परत चिपच्या हवाली करा. मालकीचा बिट सगळ्यात शेवटी, त्याच्याआधी डीएमए_डब्ल्यूएमबी (आधीचं लिखाण चिपला आधी दिसेल याची हमी). रिंग कधीच रिकामी होणार नाही. चार सलग पानं मागण्याऐवजी एकेका पानाचे तुकडे जोडणं उत्तम, पण चिपला एक फ्रेम अनेक डिस्क्रिप्टरवर पसरता येत असेल तरच. आणि ते परवापर्यंत होणार नाही.

ठिणगी:
रात्रभर चालू ठेवलं, एकदाही थांबलं नाही. पण ड्रॉपचा आकडा ३७ झालाय, हे काय आता?

बिनधास्त_बिट:
तुकडे पडलेल्या मेमरीचं भाडं. टीसीपी पुन्हा पाठवेल, यूडीपीचं तुमचं तुम्ही बघा. माझी ती इंटरप्टनंतरची तपासणी काढून नाही ना टाकलीत?

ठिणगी:
काढली होती. उपयोग झाला नाही म्हणून.

बिनधास्त_बिट:
परत घाला. रिंग भरलेली आहे म्हणून आता ती चूक दिसायला लागेल.

वायरमन:
तरी पण केबल एकदा बदलून बघा.